सत्कार आवरा की हो आता

काय वैताग आहे राव, साडेपाचचं नाटक म्हणून सव्वापाचला पोचलो तर नाट्यगृहाची दारं बंद. आत दुपारच्या बुकिंगवाल्यांचा सत्कार चालूच, सतरावी शाल, सतरावा नारळ आणि वर माईकवर "वेळेअभावी थोडक्यात"!! मागे सेटचा टेम्पो उभा, बॅकस्टेजची पोरं सोफा धरून ताटकळतायत, अजून लाईट लावायचेत. बरं, हॉल सगळ्यांचाच आहे, मान्य. सकाळी गॅदरिंग, दुपारी सत्कार, मग नाटक, रात्री लावणी, तीच तर मजा आहे तिथली. परवा फॉयरमध्ये काजळाची मिशी काढलेला एवढुस्सा मावळा पैठणीतल्या काकूंच्या शेजारी बसून वडा हाणत होता, मिशी निम्मी वड्याला. पण स्लॉट संपला म्हणजे संपला ना? दर वेळी नाटकवाल्यांनीच का सोसायचं? आणि हीच मंडळी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला नटराजाला हार घालून मराठी रंगभूमीचे जनक म्हणतात त्या विष्णुदास भावेंवर आणि त्यांच्या १८४३ च्या नाटकावर अर्धा तास बोलणार. पूर्वी संगीत नाटकं रात्रभर चालायची म्हणतात, चालू देत की, पण निदान सुरू तरी व्हायची! काल तिसरी घंटा झाली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, आणि मध्यंतरात वडे संपलेले.