‘सौम्य’ हा शब्द माझा, सोमवार मात्र फ्रान्सचा

नमस्कार,

तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. पहिल्यांदा रागात, दुसऱ्यांदा तुमच्या राइडची फाइल शेजारी उघडून. उत्तराला चार दिवस लागले, कारण मधल्या रविवारी मी स्वतः तुमचा दुसऱ्या दिवसाचा मार्ग पुन्हा फिरून आले.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मार्चच्या मध्यावर पुण्याचे चार सायकलस्वार फ्रान्समधल्या बर्गंडीत क्लूनीजवळ आमच्याकडे तीन दिवस उतरले, आमच्या ग्रॅव्हल सायकली (कच्च्या, खडीच्या वाटांसाठीच्या) भाड्याने घेतल्या आणि आमच्या जीपीएक्स फायलींवर, म्हणजे फोनवर वाट दाखवणाऱ्या नकाशांवर फिरले. दोन स्टार दिलेत. तक्रारी अशा: ‘सौम्य ग्रामीण मार्ग’ म्हणायचं आणि प्रत्यक्षात नुसता चढ नि चिखल, टायर अर्धवट हवेचे, बोगदा बंद, सोमवारी दुपारपर्यंत पोटात काही नाही, पाणी भरायला चक्क कबरस्तानात पाठवलं, एक शेतकरी अंगावर ओरडला, वर डिपॉझिटमधून ३५ युरो कापले. आणि शेवटची ओळ, “मराठी माणूस म्हणून विश्वास टाकला होता.”

‘सौम्य’पासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. पहिल्या दिवशी तुम्ही क्लूनीहून उत्तरेला ‘व्वा व्हेर्त’वरून, म्हणजे ‘हिरव्या वाटे’वरून गेलात (उच्चार खरंच ‘व्वा’ असा आहे, आणि त्या दिवशी तुम्हीही तेच म्हणत परत आलात). ती वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. रूळ काढून १९९७ साली झिव्री ते क्लूनी असा साधारण ४४ किलोमीटरचा पट्टा सायकलींना खुला झाला. फ्रान्समधली या प्रकारची ती पहिली वाट. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून ही वाट सपाट. वर गुळगुळीत डांबर. संध्याकाळी तुम्ही म्हणालात, “हे तर फारच सोपं आहे, उद्या जरा लांबचं द्या.” मी दिलं.

दुसऱ्या दिवशीचा मार्ग ब्लानो गावावरून मों सँ-रोमँच्या टेकडीकडे, तिथून शापेझच्या जुन्या दगडी चर्चकडे उतरून कोर्मातँमार्गे परत. ५२ किलोमीटर, आणि सगळे चढ मिळून ८४० मीटर. टेकडी स्वतः ५७९ मीटरची, म्हणजे नकाशावर बघून कुणी घाबरणार नाही. पण इथला मुलूख एकदा चढून मोकळं होऊ देत नाही. सिंहगड चढलात की चढलात, मग उतारच. इथे साठ मीटर चढायचं, ओढ्याकडे पन्नास उतरायचं, पुन्हा सत्तर चढायचं. अशा रस्त्यांना फ्रेंच लोक ‘व्हालोने’ म्हणतात. त्याचं मराठी मी ‘सौम्य’ केलं. ‘चढउताराचा’ करायला हवं होतं. तुमच्यातले दोघे ४००ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत ४०० किलोमीटरची सायकलफेरी) केलेले, त्यांना पायांचं काही वाटलं नाही. उरलेल्या दोघांना त्या शब्दाने फसवलं. तो शब्द आता काढला आहे आणि प्रत्येक मार्गापुढे एकूण चढ मीटरमध्ये लिहिला आहे.

चिखलही माझाच. ब्लानोच्या वरच्या जंगलात हिवाळ्यात लाकूडतोड झाली. ओंडके ओढणाऱ्या अवजड यंत्रांनी वाटेवर गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. माझी फाइल ऑक्टोबरची, तेव्हा ती वाट कोरडी आणि पांढरी होती. रविवारी मी त्या दोन किलोमीटरांत सायकल ढकलतच नेली. इथली माती चुनखडी आणि चिकणमातीची. ओली असली की आपल्या काळ्या मातीसारखी चाकाला धरते, आणि चाक धरणाऱ्या फोर्कपाशी एवढी साचते की चाक फिरेनासं होतं. मग मी काडीने ती उकरत बसले. तुम्ही तासभर बसला होतात म्हणे. फाइल बदलली आहे. आता ती त्या जंगलाला वळसा घालून डांबरी रस्त्याने जाते.

३५ युरोंचंही याच ओघात सांगते. डिरेलरचा हँगर (गिअर बदलणारा भाग जिथे टांगतात ती पट्टी) वाकला तो त्याच चाकोरीतली फांदी अडकून. वाट मी दिली होती, तेव्हा पैसे परत. काल पाठवले, दोन-तीन दिवसांत दिसतील.

टायरचं मात्र मला मान्य नाही. टायर ४० मिलिमीटरचे, ट्यूबलेस. तुमच्या वजनांचा अंदाज घेऊन मी पुढे ३२ आणि मागे ३५ पीएसआय हवा ठेवली होती. तुम्ही अंगठ्याने दाबून पाहिलंत, “बसलेत” म्हणालात. मी सांगितलं की ग्रॅव्हलला एवढीच लागते. दुपारी तुमच्यातल्या एकाने स्वतःच्या पंपाने ७० केली. मला हे सायकल परत आली तेव्हा गेजवर कळलं. मऊ टायर दगड पोटात घेतो, टणक टायर त्याच्यावर आपटतो. द्राक्षमळ्यांतल्या वाटांवर चुनखडीचे धारदार तुकडे असतात. तिथेच मागच्या टायरला अशी चीर गेली, जी आतल्या सीलंटने (भोक बुजवणाऱ्या द्रवाने) भरण्यासारखी नव्हती. त्या टायरचे पैसे मी मागितले नव्हते, आणि आताही मागत नाही. फक्त ‘अर्धवट हवा’ हे लिहिलेलं तेवढं खोडा.

बोगद्याची चूक अर्धी-अर्धी. क्लूनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेरचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वेबोगदा हिवाळ्यात बंद असतो. आत वटवाघळं झोपलेली असतात. दिव्यांनी आणि आवाजाने ती जागी झाली तर अंगातली साठवलेली चरबी जळते आणि वसंत येईपर्यंत टिकाव लागत नाही. हे बुकिंगच्या मेलमध्ये पहिल्याच ओळीत होतं. पण फाइल मात्र बोगद्यातूनच जात होती, आणि बंद फाटकासमोर उभं राहून कोण मेल उघडतं? वरच्या खिंडीतून जाणारी दुसरी फाइल आता हिवाळ्यासाठी वेगळी ठेवली आहे. त्या खिंडीतून पलीकडे उतरताना बेर्झे-ल-शातेलचा किल्ला समोर येतो. तो बोगद्यातून दिसत नाही, पण हे सांगून मी माझी चूक झाकत नाही.

आता सोमवार. रविवारी उघडी असते म्हणून खेड्यातली बेकरी सोमवारी बंद. जेवणाचं हॉटेल उघडं असलं तरी स्वयंपाकघर १२ ते २, आणि दीडनंतर गेलात तर मालक घड्याळाकडे बघतो. तुम्ही कोर्मातँला पोचलात २ वाजून १० मिनिटांनी. आदल्या रात्री मी विचारलं होतं, डबा करून देऊ का? पोळ्या, बटाट्याची भाजी, वर इथलं बकरीचं चीज, माणशी ८ युरो. “फ्रान्समध्ये येऊन डबा कसला, क्रोसाँ खात फिरू” असं उत्तर मिळालं. हा सोमवार मी माझ्या अंगावर घेणार नाही.

कबरस्तानाचं वाचून मात्र मला हसू आलं, आणि मग वाटलं, खरंच, आपल्याकडून आलेल्या माणसाला हे किती अभद्र वाटेल! दहा वर्षांपूर्वी मलाही वाटलं होतं. इथे जवळजवळ प्रत्येक खेड्याच्या दफनभूमीत फुलांना पाणी घालायला नळ असतो. मेन बाजारपेठ नसलेल्या गावात दुकान सापडणार नाही, पण चर्चजवळ ती भिंत आणि सायप्रसची झाडं दिसली की सायकलवाले बाटल्या काढतात. ‘ओ नों पोताब्ल’ (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर ते पाणी प्यायचं नाही, एवढंच बघायचं. मी नकाशावर नुसतं ‘पाणी: सिमेतिएर’ (दफनभूमी) लिहून सोडलं होतं. खुलासा घालते.

राहिला शेतकरी. त्याची बाजू तुमच्या रिव्ह्यूत आली नाही. चिखल टाळायला तुम्ही चौघे वाट सोडून त्याच्या द्राक्षांच्या ओळींमधून गेलात. त्याच संध्याकाळी तो माझ्या दारात उभा होता, फोनमध्ये फोटो घेऊन: ओल्या मातीत चार सायकलींच्या रेघा, आणि एका टोकाला तारेवरून सुटून लोंबणारी वेलीची काडी. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. इथे वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. छाटून उरलेली काडी वाकवून तारेला बांधायची, आणि सगळं पीक त्या काडीवरच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात त्या गाठींवर. मार्चमध्ये ते डोळे फुगायच्या बेतात असतात. आमच्या बागेतून कुणी सायकल घातली असती तर माझे वडील नुसते ओरडून थांबले नसते. तुम्ही लिहिलंय की फ्रेंच माणसं उर्मट. तो म्हणाला, चौघांपैकी एकाने जरी आधी ‘बोंजूर’ म्हटलं असतं तरी मी वाट दाखवली असती. माफी मी मागितली, कारण फाइल माझी होती.

मराठी माणसाच्या विश्वासाबद्दल काय लिहू? परक्या पाहुण्याला जे सांगते तेच तुम्हाला सांगितलं. एका बाबतीत कमी पडले असेन. आपल्या माणसांना सगळं ठाऊक असणार, असं धरून चालले.

तो शेतकरी गुरुवारी पुन्हा आला. ओळींमध्ये एक डाव्या हाताचा राखाडी ग्लोव्ह सापडला होता, तो त्याने धुऊन, वाळवून आणला. तुमच्यातला ज्याचा असेल त्याने पत्ता कळवावा. टपालाचा खर्च माझा.