पाणी कधी घातलं होतंस?

परवा आमचा लॅपटॉप जेवेना. चार्जर लावला की कोपऱ्यात ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’. ताट वाढलंय, घास काही उतरत नाही. बॅटरी 11 टक्के, सहापर्यंत ऑफिसला एक एक्सेल पाठवायचं होतं. माझी चूक एवढीच की हे मी जिन्यात बोललो.

वरच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, निदान कागदोपत्री तरी. पाचव्या मिनिटाला टेस्टर घेऊन दारात हजर. चार्जर उपटला, सॉकेटमध्ये टेस्टर खुपसला.

“लाईट आहे.”

“आहेच हो काका. पंखा फिरतोय वर.”

“पंख्याचं मला सांगू नकोस. इस्त्री आण.”

इस्त्री लावली. तापली. काकांनी हात जवळ नेऊन खात्री केली, मग चार्जरची वीट कानाशी धरून डोळे मिटले. न लावलेली वीट! शेवटी लॅपटॉप उताणा केला.

“याच्यात पाणी कधी घातलं होतंस?”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“डिस्टिल्डच घालायचं. नळाचं घातलंस की मेली बॅटरी. आमचा इन्व्हर्टर बघ...”

इन्व्हर्टरचं चरित्र त्याच्या मुंजीपर्यंत आलं तेव्हा सॉकेट इस्त्रीच्याच ताब्यात होतं आणि बॅटरी 4 टक्के.

कस्टमर केअरच्या बाईंनी पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरायला लावलं. अंगठा दुखला. एक्सेल गेलं नाही ते नाहीच.

काल तपकीर गल्लीत एका पोराने चार्जरच्या तोंडात नुसतं डोकावून सांगितलं, “मधली पिन वाकलीय.” साडेएकोणीस व्होल्ट बाहेरच्या कड्यांतून येतात म्हणे. मधली सुईएवढी पिन फक्त चार्जर किती वॅटचा, ते कळवते. ती बोलली नाही तर लॅपटॉप कसाबसा चालतो, पण बॅटरीला थेंब देत नाही. म्हणजे वीज दारात उभी, आणि केवायसी अपूर्ण! चार्जर त्याच कंपनीचा, लॅपटॉप त्याच कंपनीचा, बिल मी भरतो, तरी ओळख पटवायची. बरं, पटवायचीच तर पिन जरा जाड करा की. नवा चार्जर 1,400 रुपये. वाकलेली सरळ करून द्या म्हटलं, तर पोरगं गिऱ्हाईक सोडून माझ्याकडे बघत राहिलं.

रात्री जिन्यात काका.

“झाला चालू?”

“झाला.”

“पाणीच कमी होतं ना?”

पिशवीतला चार्जर मागे लपवून मी हो म्हणालो.