ख्रिस्तोफर, तुमचा मुलगा आणि माझे एक चुकीचे वाक्य

ताई, सप्रेम नमस्कार.

‘कोथरूडची एक आई’ या नावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी या आठवड्यात चार वेळा वाचली. उत्तराला उशीर झाला, कारण सुरुवातीला मनात जे उत्तर तयार होत होते ते निव्वळ माझा बचाव करणारे होते.

इतर वाचकांसाठी थोडा संदर्भ देतो. मार्क हॅडन यांच्या ‘द क्युरिअस इन्सिडंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या 2003 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आम्ही सदाशिव पेठेत सहा रविवार अभ्यासवर्ग घेतला आणि त्याबद्दल मी लेख लिहिला. इंग्लंडमधल्या स्विंडन गावातला पंधरा वर्षांचा ख्रिस्तोफर बून तिचा निवेदक आहे. शेजारणीच्या कुत्र्याला कोणी तरी बागकामाचा काटा खुपसून मारले आहे आणि ते कोणी केले याचा शोध घेता घेता ख्रिस्तोफर जे पुस्तक लिहितो, तीच ही कादंबरी. तुमचे म्हणणे थोडक्यात असे, की लेखक स्वतः ऑटिस्टिक (ज्यांना मराठीत ‘स्वमग्न’ म्हटले जाते, त्यांपैकी) नाही. गणितात हुशार आणि भावनेला कोरडा असा एक साचा त्याने घडवला आणि आता त्याच साच्यात तुमच्या मुलाला बसवून पाहिले जाते. आम्ही तर वर्गात त्याच्या त्रासाचा खेळ केला. आणि ‘ही कादंबरी वाचली की अशा मुलांचे मन कळते’ हे माझे वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त लागले.

ते वाक्य चुकीचे होते. मी ते लेखातून काढले आहे आणि काढल्याची नोंदही तिथे ठेवली आहे. खरे तर ते लिहिताना मला थांबवतील अशा दोन गोष्टी माझ्यासमोर होत्या. संपूर्ण कादंबरीच्या मजकुरात ‘ऑटिझम’ किंवा ‘अस्पर्जर’ (ऑटिझमच्याच एका प्रकाराचे पूर्वीचे नाव) हा शब्द एकदाही येत नाही. ख्रिस्तोफर स्वतःच्या वर्तनातल्या अडचणींची यादी देतो, पण त्यांना वैद्यकीय नाव देत नाही. दुसरे म्हणजे, ही कादंबरी अस्पर्जरविषयी नाही आणि आपण त्या विषयाचे जाणकारही नाही, असे हॅडन यांनी 2009 साली स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि वेष्टनावर तो शब्द छापला गेल्याची थोडी हळहळही व्यक्त केली आहे. म्हणजे जे लेखकाने आत लिहिले नव्हते, ते मी वेष्टनावरून उचलून आत नेले आणि विद्यार्थ्यांनाही तेच शोधायला लावले.

गणिताबद्दलचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. तुमचा सोळा वर्षांचा मुलगा मोजके शब्द बोलतो, आणि लग्नकार्यात भेटणारा प्रत्येक नातेवाईक ‘मग याच्यात विशेष काय आहे? गणित की पाठांतर?’ असे विचारतो, हे तुम्ही लिहिले आहे. जणू मुलाने आपल्या असण्याची काही तरी किंमत आधी चुकती करायला हवी. ख्रिस्तोफरला 7057 पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या पाठ आहेत आणि त्याच्या पुस्तकातल्या प्रकरणांना क्रमांकही मूळ संख्यांचेच आहेत, 2 पासून 233 पर्यंत, एकूण 51 प्रकरणे. कादंबरीच्या रचनेत त्याला अर्थ आहे: मूळ संख्या आयुष्यासारख्या असतात, त्या तर्काने चालतात, पण त्यांचा नियम काही हाती लागत नाही, असे त्याला वाटते, आणि पुढे घरातली सगळी माणसे त्याला तशीच निघतात. पण ज्याने या विषयावर आयुष्यात एवढे एकच पुस्तक वाचले आहे, त्याच्यासाठी ही रचना राहत नाही, ती मोजपट्टी होते. हे मी लेखात सांगायला हवे होते.

मात्र ख्रिस्तोफर भावनेला कोरडा आहे, हे तुमचे मत मला पटत नाही, आणि इथे मी थोडा हट्टाने बोलणार आहे. कादंबरीच्या अगदी सुरुवातीला हा मुलगा रात्री शेजारच्या हिरवळीवर जातो, मेलेल्या कुत्र्याच्या अंगातून तो काटा ओढून काढतो, कुत्र्याला उचलतो आणि मिठी मारतो. कुत्र्याच्या जखमांतून रक्त येत असते. ज्याला माणसांनी मारलेली मिठी सहन होत नाही, तो हे करतो, आणि त्याविषयी एकही भावनावाचक शब्द लिहीत नाही. आईवडील आणि तो, मिठीऐवजी एक खूण वापरतात: ते उजव्या हाताची बोटे पंख्यासारखी पसरून तळवा पुढे करतात, तो डाव्या हाताची बोटे तशीच पसरतो, आणि बोटांची टोके एकमेकांना टेकतात. पुढे एका प्रकरणात, कुत्र्याला आपणच मारले, अशी कबुली वडील देतात. ती दिल्यावर ते तसाच हात पुढे करतात. ख्रिस्तोफर लिहितो, की त्याने हात टेकवला नाही, कारण त्याला भीती वाटत होती. बस, एवढेच. वर्गात हे वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या एका साध्या वाक्यात एका मुलाचे घर मोडते, आणि ते मोडल्याचे वाचकाला स्वतःच ओळखावे लागते. निवेदक जे म्हणत नाही ते ऐकायला शिकणे, याच कारणासाठी मला ही कादंबरी तरुणांसोबत वाचावीशी वाटते.

कुत्र्याच्या त्याच रात्रीचा आणखी एक प्रसंग बघा. पोलीस येतो आणि प्रश्नांवर प्रश्न विचारतो. ख्रिस्तोफर म्हणतो, ते प्रश्न डोक्यात साचत गेले, काका काम करतात त्या कारखान्यातल्या पावांसारखे. तो हिरवळीवर कपाळ टेकून कण्हू लागतो, पोलीस त्याला दंडाला धरून उठवतो, आणि तो पोलिसाला मारतो. या प्रसंगात कोणाला कोणाचे कळले नाही? डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या समाजशास्त्रज्ञाने 2012 साली मांडले, की समजण्यातली ही अडचण दोन्ही बाजूंनी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणतो, पण इतरांनाही त्याचे मन तितकेच कळत नाही, आणि त्या दुसऱ्या न कळण्याला मात्र कोणी विकार म्हणत नाही. तुम्ही हेच तुमच्या शब्दांत लिहिले आहे: ‘पाच मिनिटांत आले’ असे सांगून तुम्ही वीस मिनिटे लावता आणि तो सहाव्या मिनिटाला दारात येऊन उभा राहतो, तेव्हा लोक त्याला हट्टी म्हणतात.

‘स्वमग्न’ या शब्दावर तुम्ही घेतलेला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला. ‘माझा मुलगा स्वतःत मग्न नाही, इमारतीतल्या प्रत्येक कुकरची शिट्टी त्याला ऐकू येते,’ हे तुमचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. मूळ ‘ऑटिझम’ हा शब्दच सदोष आहे. ब्लॉयलर या मनोविकारतज्ज्ञाने ग्रीक भाषेतल्या ‘स्व’ या अर्थाच्या शब्दावरून तो बनवला, तोही वेगळ्याच आजाराच्या संदर्भात. 1943 साली बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करताना तो उचलला, आणि मराठीने त्या ‘स्व’ला ‘मग्न’ जोडून दोष आणखी गडद केला. आपण कामात मग्न होतो, भजनात मग्न होतो, म्हणजे आपल्या खुशीने बुडतो. ज्याला बाहेरचे जग नको इतके आत येते, त्याला आपण स्वतःत बुडालेला म्हणतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांना स्थान आहे त्यांत ऑटिझम आहे, आणि मराठी सरकारी कागदांवर ‘स्वमग्नता’ हाच शब्द येतो, त्यामुळे दाखल्यासाठी तुम्हाला तो लिहावाच लागत असेल. मला तशी सक्ती नाही. या उत्तरात मी ‘ऑटिस्टिक’ लिहिले आहे आणि पुढेही तेच लिहीन.

आता तुम्ही ज्याला त्रासाचा खेळ म्हणालात, त्या स्वारगेटच्या उपक्रमाविषयी. कादंबरीत ख्रिस्तोफर लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावर उतरतो, तेव्हा तिथल्या सगळ्या पाट्यांचा मजकूर पानावर एकामागून एक सलग येतो आणि थोड्या वेळाने त्यातला अर्थच विरून जातो. हे तंत्र समजावे म्हणून मी विद्यार्थ्यांना स्वारगेटच्या एसटी स्थानकावर नेले आणि दहा मिनिटे दिसेल ते सगळे लिहायला सांगितले. ‘सातारा विनाथांबा आरक्षण उसाचा ताजा रस पाकीटमारांपासून सावध रहा महिला प्रसाधनगृह थुंकू नये’ असे एकीच्या वहीत सलग उतरले होते. त्या पानाचा मला अभिमान वाटला आणि मी ते लेखात छापले. तुम्ही लिहिलेत: ‘ती मुले दहा मिनिटांनी चहा प्यायला गेली. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो, तेव्हा माझ्या मुलाने कुठे जायचे?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या दहा मिनिटांतून विद्यार्थ्यांना कादंबरीकाराची एक युक्ती कळली, तुमच्या मुलाचा दिवस कळला नाही, आणि लेखात मी या दोन्ही गोष्टी एकच असल्यासारख्या लिहिल्या. तो उपक्रम आम्ही यापुढे घेणार नाही. पॅडिंग्टनचे पान मोठ्याने वाचले तरी तंत्र समजते.

जो तसा नाही त्याने तसे लिहूच नये, या तुमच्या मुद्द्यावर मी खूप विचार केला. आपल्या मराठीत हा वाद जुना आहे. 1978 साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, त्याआधीही दलितांच्या दुःखावर कळकळीने लिहिणारे पांढरपेशे लेखक होतेच. ‘बलुतं’नंतर त्यांचे लेखन कोणी जाळले नाही, पण ते पूर्वीसारखे वाचणेही शक्य राहिले नाही, त्यात कोण बोलते आहे आणि कोणाच्या वतीने, हा प्रश्न वाचकाच्या डोळ्यांसमोर कायम राहिला. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे खरे आहे. आणि दुसऱ्याचे जळणे कल्पनेने गाठू पाहणे हेच कादंबरीचे काम आहे, हेही खरे आहे. म्हणून कादंबरी काढून टाकणे मला मान्य नाही. तिला एकटे ठेवणे ही माझी चूक होती. पुढच्या वर्गात टेम्पल ग्रँडिन आणि डोना विल्यम्स या ऑटिस्टिक लेखिकांच्या आत्मकथनांतले उतारे पहिल्या दोन रविवारी वाचले जातील आणि ख्रिस्तोफर त्यानंतर येईल.

शेवटाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत आहे. ख्रिस्तोफर गणिताच्या परीक्षेत पहिली श्रेणी मिळवतो आणि आता आपण काहीही करू शकतो असे ठामपणे लिहितो, तिथे कादंबरी संपते. ‘आमच्या घरी असा शेवट येत नाही,’ असे तुम्ही म्हणता. सायमन स्टीव्हन्स यांनी 2012 साली या कादंबरीचे नाटक केले, तेव्हा त्या विधानाचा त्यांनी प्रश्न केला: म्हणजे मी काहीही करू शकतो का, असे ख्रिस्तोफर आपल्या शिक्षिकेला पुन्हा पुन्हा विचारतो आणि ती काहीच बोलत नाही. मला नाटकाचा शेवट अधिक खरा वाटतो, आणि वर्गात दोन्ही शेवट शेजारी ठेवायला हवे होते.

एक विनंती आहे. तुमची प्रतिक्रिया पुढच्या वर्गाच्या पहिल्या रविवारी, कोथरूडचा उल्लेखही न करता, पूर्ण वाचून दाखवावी असे मला वाटते. तुमच्या मुलाविषयीचा जो भाग वाचू नये असे तुम्हाला वाटेल तो मी गाळेन, आणि तुम्ही नको म्हणालात तर मुळीच वाचणार नाही. तुमच्या सवडीने कळवा.