पंतप्रधान व्हायचंय? आधी मुकं व्हा

पंतप्रधानपदाची इच्छा असेल तर पहिल्यांदा ते वक्तृत्वाचे क्लास बंद करा. तुम्हाला बोलता येतं हे कळलं की पक्षातली जुनीजाणती मंडळी सावध होतात. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्रीजी गेले, तेव्हा काँग्रेसच्या सिंडिकेटला, म्हणजे पक्ष चालवणाऱ्या बड्या नेत्यांच्या गटाला, बसवली की बसेल आणि उठवली की उठेल अशी व्यक्ती हवी होती. मोरारजीभाईंना स्वतःची मतं असण्याची वाईट खोड. त्यापेक्षा नेहरूंची लेक बरी, भाषण करतानाही चाचरते! मतं पडली ३५५ विरुद्ध १६९. लोहियांनी इंदिराबाईंना ‘गूंगी गुडिया’ ही पदवी बहाल केली. अशी पदवी तुम्हाला मिळाली तर रागावू नका, फ्रेम करून भिंतीवर लावा. बाहुलीला कोणी घाबरत नाही, हेच तिचं भांडवल.

मग थोडं थांबा. १९६७ च्या प्रचारात भुवनेश्वरला दगड लागून त्यांचं नाक फुटलं, तरी त्या रक्त पुसत बोलत राहिल्या. निकाल लागले तेव्हा मुंबईत सिंडिकेटच्या स. का. पाटलांना जॉर्ज फर्नांडिसांनी पाडलं होतं आणि खुद्द कामराजांना विरुधुनगरात एका विद्यार्थी नेत्याने. बाहुली निवडून आली, बाहुलीचे मालक घरी बसले.

यापुढचा धडा नीट गिरवा. राष्ट्रपतिपदासाठी पक्षाच्या उमेदवाराचा अर्ज स्वतः सही करून भरा, आणि मतदानाच्या तोंडावर तुमचा अंतरात्मा जागा होऊ द्या. तत्पूर्वी तो गाढ झोपलेला असला पाहिजे, ही अट आहे. १९६९ मध्ये संजीव रेड्डींच्या अर्जावर सही बाईंची होती, निवडून आले व्ही. व्ही. गिरी. त्याच जुलैत मोरारजींचं अर्थखातं काढून घेतलं आणि तीन दिवसांत वटहुकमाने १४ बँका सरकारच्या केल्या. शत्रू आणि तत्त्व एकाच आठवड्यात निकालात काढता आले तर उत्तम. लोक तत्त्वाचंच कौतुक करतात. पक्ष फुटला, बैलजोडी हे निवडणूक चिन्ह गोठवलं गेलं, बाईंनी गाय-वासरू घेतलं. वासरात लंगडी गाय शहाणी असं कोणी म्हणालं नाही, कारण तोवर म्हणणारे उरले नव्हते. आपले यशवंतराव आधी रेड्डींच्या बाजूला, मग बाईंच्या. ‘कुंपणावरचे’ हा शिक्का त्यांना उगाच नाही बसला.

१९७१ बद्दल मात्र माझ्याकडे सल्ला नाही. निक्सनना भीक न घालणं आणि डिसेंबरात तेरा दिवसांत युद्ध जिंकणं हे शिकवून येत नाही. ‘गरिबी हटाव’ मात्र कोणालाही जमेल. घोषणाच तर द्यायची असते.

आता कोर्ट. १२ जून १९७५ ला न्यायमूर्ती सिन्हांनी अलाहाबादेत तुमची निवडणूक रद्द केली, तर अपील वगैरे कराच, पण मुख्य म्हणजे देश धोक्यात आहे हे ओळखा. तुमची खुर्ची हलली की हलतो तो देश. आणीबाणीवर राष्ट्रपतींची सही रात्री घ्या, मंत्रिमंडळाला सकाळी सहाला उठवून सांगा. झोपेतला माणूस प्रश्न विचारत नाही. वर्तमानपत्रांची वीज घालवा आणि मग रेडिओवरून, घाबरण्याचं कारण नाही, असं सांगा. काँग्रेस अध्यक्ष बरुआंसारखा एखादा जवळ हवाच, जो ‘इंडिया म्हणजे इंदिरा’ हे न हसता म्हणेल.

एक धोका सांगून ठेवतो. सगळी तोंडं बंद केली तरी एखादं राहतं. डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात, स्वागताध्यक्ष असलेल्या यशवंतरावांच्या देखत, दुर्गाबाई भागवतांनी आजारी जयप्रकाशांसाठी सभेला प्रार्थनेला उभं केलं. सभा मुकाट्याने उभी राहिली. मुक्या माणसांपासून किती जपावं लागतं, हे बाईंना खरं तर कोणी सांगायची गरज नव्हती.

पण तोवर त्यांच्या कानावर फक्त गोड बातम्या येत होत्या. जानेवारी १९७७ मध्ये त्यांनी निवडणूक जाहीर केली. रायबरेलीत राजनारायण, ज्यांनी कोर्टात खेचलं तेच, ५५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले.

खचू नका. जनता पक्षावर विश्वास ठेवा, तो आपसात भांडेलच. तोपर्यंत उंटावरून शेळ्या हाकत बसू नका. त्याच मेमध्ये बिहारमधल्या बेलचीला दलितांचं हत्याकांड झालं होतं. ऑगस्टात भर पावसात बाई निघाल्या. गाडी अडली, जीप अडली, ट्रॅक्टर रुतला, म्हणून हत्ती मागवला. १९८० मध्ये ३५३ जागा आल्या. तेव्हा माहुताचा नंबर आत्ताच घेऊन ठेवा.