क्लॉप पैशाने मोठा झाला म्हणे!

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला, "मामा, हे खरंय का?" खाली फिरत आलेला मजकूर: जर्मन फुटबॉल कोच युर्गन क्लॉपला माइन्झ क्लबमध्ये काही जमलं नाही, पुढच्या डॉर्टमुंड क्लबने त्याला हाकललं, मग इंग्लंडच्या लिव्हरपूलने पैसा ओतला म्हणून कप आले, आणि फायनल हरण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पोरगा कोल्हापुरात फुटबॉल खेळतो, क्लॉपवर जीव टाकतो. वाचून माझं डोकंच फिरलं.

माइन्झचं तर धडधडीत खोटं आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये क्लॉप तिथे बचावपटू होता. संघ जर्मनीच्या दुसऱ्या विभागातूनही खाली घसरायच्या बेतात, तेव्हा त्यालाच कोच केलं. संघ वाचला. 2002 ला पहिल्या विभागातली बढती एका गुणाने हुकली. 2003 चा गुणतक्ता काढून बघा: माइन्झ 62, फ्रँकफर्ट 62. गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले) फ्रँकफर्टचा 26, माइन्झचा 25. शेवटच्या दिवशी माइन्झने आपला सामना 4-1 ने जिंकला होता. तिकडे फ्रँकफर्ट 3-3 वर अडकलेलं. अखेरच्या काही मिनिटांत त्यांनी तीन गोल मारले आणि एका गोलाने माइन्झची बढती पुन्हा राहिली. दोनदा असं तोंडाशी येऊन गेलं, तरी 2004 ला त्याच क्लॉपने क्लबला इतिहासात पहिल्यांदा बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या पहिल्या विभागात नेलं. याला काही जमलं नाही म्हणायचं?

डॉर्टमुंडने हाकललं नाही. एप्रिल 2015 मध्ये त्यानेच जाहीर केलं की हंगाम संपला की मी निघतो. त्याआधी 2011 आणि 2012, लागोपाठ दोनदा बुंडेसलिगा जिंकली. त्या संघातला जपानी खेळाडू कागावा अवघ्या साडेतीन लाख युरोंत आणलेला.

पैशाचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. लिव्हरपूलने घेतलेला बचावपटू व्हॅन डाइक साडेसात कोटी पौंडांचा, गोलकीपर अ‍ॅलिसनही महागडा. पण त्याच वर्षी आपला खेळाडू कुटिन्हो बार्सिलोना क्लबला विकून प्रचंड रक्कम आली, ती मजकुरातून गाळलीय. बचावपटू रॉबर्टसन तर खालच्या विभागात घसरलेल्या हल क्लबकडून 80 लाख पौंडांत आला.

फायनल? 2013 ते 2018 मध्ये सलग सहा हरला, हे खरंय. सातवी 2019 ला माद्रिदमध्ये जिंकली, चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेची. पुढच्या हंगामात 99 गुण मिळवून इंग्लंडची लीग, लिव्हरपूलला 30 वर्षांनी.

भाच्याला 2003 चा तक्ता पाठवलाय, दोन्ही ओळींवर लाल खूण करून.