‘एअरपोर्टवरचा तमाशा’ म्हणे! काकांच्या फॉरवर्डला माझं उत्तर

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांचा आमचा एक ग्रुप आहे, त्यावर एकच फॉरवर्ड आठवड्यात चौथ्यांदा पडला. एअरपोर्टवरची तपासणी म्हणजे निव्वळ तमाशा, पाण्याची बाटली काढून घेतात ती आत महाग पाणी विकायला, इस्रायलवाले कुणाची बॅग उघडत नाहीत नुसतं डोळ्यात बघून ओळखतात, आपणही ठराविक नावाची माणसंच तपासावीत, अमेरिकेत तर टेस्टमध्ये ९५ टक्के हत्यारं आरामात आत गेली, आणि कोल्हापूरसारख्या बारक्या एअरपोर्टला हे सगळं कशाला, हिथं कोण येणाराय बॉम्ब घेऊन. खाली हात जोडलेले तीन इमोजी. पाठवणारे काका वडिलांच्या वयाचे, म्हणून तीनदा गप्प बसलो, आता मात्र लिहितोच.

पाणी आत महाग असतं, मान्य. त्यावर माझं भांडण नाही. पण देशातल्या देशात जाताना बाटली बऱ्याचदा सोडतातच की, फार तर एक घोट प्यायला लावतात. १०० मिलीपेक्षा मोठी बाटली केबिनमध्ये चालत नाही ही खरी कटकट परदेशी प्रवासाला, आणि ती आली ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला पकडलेल्या कटामुळं. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचं स्फोटक भरून अटलांटिक ओलांडणारी विमानं उडवायची होती त्यांना. तेव्हाच्या एक्सरेला साधं पेय कुठलं आणि हे कुठलं ते कळत नव्हतं. आता नवी स्कॅनर मशीन आलीत तशी काही ठिकाणी सूट मिळायला लागलीय. बुटांचं तेच. डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात एकानं बुटात लपवलेल्या बॉम्बची वात पेटवायचा प्रयत्न केला म्हणून अमेरिकेत सगळ्यांना बूट काढायला लावायचे, जुलै २०२५ मध्ये त्यांनीच ते बंद केलं. नुसता तमाशाच करायचा असता तर बंद कशाला केला असता राव?

माझ्या मावशीचं सांगतो. लेक बेंगळुरूला, त्याच्यासाठी दोन किलो कांदा-लसूण चटणी, घरात कांडलेली, स्टीलच्या डब्यात आणि डबा खांद्यावरच्या पिशवीत, कारण चेक-इनच्या बॅगेत तेल सांडंल अशी भीती. मधल्या एका मोठ्या विमानतळावर ट्रे बाजूला घेतला, गणवेशातल्या पोरीनं झाकण उघडलं आणि जी शिंकायला लागली ती थांबेचना, मागची लाईनपण शिंकायला लागली. मावशी म्हणाली, अगं बाळ, चटणीच आहे, स्फोट पोटात होतो! तरी डबा आत जाऊ दिला नाही. तेव्हा मलाही राग आला होता. पण तिखट केबिनमध्ये चालत नाही ते का, हे त्या शिंकांनीच दाखवलं की, बंद केबिनमध्ये मूठभर तिखट कुणाच्या डोळ्यात फेकलं तर काय होईल बघा. ११ सप्टेंबर २००१ च्या अपहरणकर्त्यांनी विमानात डोळे-घसा झोंबणारा फवारा वापरल्याचं अमेरिकेच्या चौकशी आयोगाच्या अहवालात आहे.

आता इस्रायल. हा मुद्दा सगळ्यांचा लाडका, आणि सगळ्यात चुकीचा. १७ एप्रिल १९८६, लंडनचा हीथ्रो एअरपोर्ट, एक गरोदर आयरिश बाई तेल अवीवला निघालीय, लग्न ठरलंय म्हणून. एअरपोर्टच्या नेहमीच्या तपासणीतून तिची बॅग पास झाली होती. पुढं एल अल या इस्रायली कंपनीच्या माणसांनी प्रश्न विचारले, बॅग रिकामी केली, तर रिकामी बॅगसुद्धा जड लागली. तळाच्या खोट्या कप्प्यात दीड किलोच्या आसपास प्लास्टिक स्फोटक निघालं. ठेवलं कुणी, तर तिच्या होणाऱ्या नवऱ्यानं. तिला काहीच माहीत नव्हतं! काका, तिच्या डोळ्यात बघून काय दिसलं असतं? लग्नाचा आनंद दिसला असता. पकडलं ते हातानं बॅग उचलून बघितली म्हणून.

आणि नाव बघून तपासायचं म्हणताय तर ३० मे १९७२ बघा. इस्रायलच्याच लोद विमानतळावर तिघं उतरले, पट्ट्यावरनं बॅगा उचलल्या, त्यातनं बंदुका काढल्या आणि २६ माणसं मारली. तिघंही जपानी. नजर होती अरबांवर, आले जपानी. ज्याच्यावर संशय येणार नाही त्यालाच पुढं करायचं, एवढी अक्कल त्या लोकांना असतीच.

९५ टक्क्यांची बातमी मात्र खरी आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत खात्याच्याच माणसांनी वेश बदलून ७० वेळा प्रयत्न केला, ६७ वेळा आत गेले. लाजिरवाणंच. पण हे घुसणारे आतल्या माहितीचे होते, आणि निकाल फुटल्यावर तिथल्या प्रमुखाची बदली झाली. शिवाय तपासणीचं अर्धं काम कुणाला न पकडताच होतं, सरळ साधा बॉम्ब नेता येत नाही म्हणून तो बुटात नाहीतर चड्डीत शिवावा लागतो, आणि तसला नीट पेटत नाही. २००१ चा बूटवाला आणि २००९ च्या ख्रिसमसचा डेट्रॉइटचा चड्डीवाला, दोघंही तिथंच फसले आणि प्रवाशांनी धरले.

राहिलं उजळाईवाडी, म्हणजे आपलं कोल्हापूरचं एअरपोर्ट. बॉम्बनं उडवलेलं एअर इंडियाचं कनिष्क विमान आठवतंय का? २३ जून १९८५, ३२९ माणसं, आयर्लंडजवळ समुद्रावर. ती बॅग कनिष्कमध्ये थेट चढलीच नव्हती. व्हँकूवरला दुसऱ्या विमानात टाकली, बॅगेचा मालक विमानात बसलाच नाही, बॅग एकटीच टोरांटोला आली आणि तिथनं कनिष्कमध्ये गेली. टोरांटोचं एक्सरे मशीन त्या दिवशी बंद पडलेलं. म्हणून आज माणूस चढला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात आणि आपण आत बसून उशीर झाला म्हणून शिव्या घालतो. डिसेंबर १९९९ चं कंदहारचं विमान अपहरण घ्या, विमान दिल्लीला यायचं होतं, हत्यारं चढली काठमांडूत. त्यानंतरच २००० पासून, जयपूरपासून सुरुवात करून, आपल्याकडं एअरपोर्टवर सीआयएसएफ, म्हणजे केंद्राचं औद्योगिक सुरक्षा दल, आलं. कोल्हापुरातनं हैदराबादमार्गे पुढं जाताना एकाच तिकिटावर बॅगेला इथंच पुढचा टॅग लागतो, मधे आपण तिला हातही लावत नाही. म्हणजे हिथं ढिलाई झाली तर ती हिथंच थोडी राहणाराय?

मावशीची चटणी आता चेक-इनच्या बॅगेत जाते, डब्याला दोन पिशव्या आणि वरनं जुनी साडी गुंडाळून. तेल अजून एकदाही सांडलेलं नाही.