‘एकाच दुकानात सुरू करून थांबले’ या अभिप्रायाला उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमचा अभिप्राय सगळ्यांनी वाचलाय, म्हणून उत्तरही इथेच देतो. तुमचं म्हणणं असं: तुमचा आंब्याचा कारखाना आणि तीन दुकानं मिळून बिलिंग-स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवायचं काम ठरलं, आम्ही रत्नागिरीचं दुकान सुरू करून थांबलो, एप्रिलमध्ये गणपतीपुळ्याला यायला नकार दिला, आणि दुसरं कोणी हेच आठ दिवसांत देतं.

नकार दिला, हे खरं आहे. पुढच्या एप्रिललाही देईन.

मार्चमध्ये पहिल्या पेट्या आल्या तेव्हा रत्नागिरीत काय निघालं ते आठवा. कारखान्यात पल्पचा आंबा किलोवर येतो, दुकानात डझनावर आणि पेटीवर जातो. त्यात पेटी दर वेळी पाच डझनांचीच नसते, फळ मोठं असलं की चारची भरते. ठरवताना हे कोणीच बोललं नव्हतं. काउंटरवरच्या ताईंनी दाखवून दिलं. चारही ठिकाणी चालू असतं तर चारही ठिकाणचा स्टॉक चुकला असता, आणि ऐन हंगामात चूक कुठली हे शोधायला माणूस आणायचा कुठून? एकच दुकान होतं, शेजारी बिलबुक होतं, म्हणून गिऱ्हाईक न अडवता दुरुस्त झालं. आता तो हिशेब पुढच्या तिन्ही ठिकाणी आयता मिळेल.

ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सगळे ग्राहक एकाच शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर नेले. लाखो लोकांना स्वतःचंच खातं उघडेना. २०२२ मध्ये बँकेला सुमारे ४ कोटी ८६ लाख पाउंड दंड झाला. त्यांच्याकडे माणसं आणि पैसा कमी नव्हता.

सगळंच टप्प्याटप्प्याने करावं असं मी म्हणत नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, पल्प १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा तुमच्या चारही ठिकाणी त्याच दिवशी दर बदलून दिले, जिथे जुनं बिलिंग होतं तिथेही. तिथे थांबून चालणारच नव्हतं.

पैशांचंही सांगतो, कारण वाचणाऱ्याचा गैरसमज होईल. जे ठिकाण सुरू होतं, त्याचेच पैसे आम्ही घेतो. उरलेल्या तिन्हींचा एक रुपया आमच्याकडे नाही.

तुमची एक तक्रार मात्र रास्त आहे: सगळी ठिकाणं जोडेपर्यंत पूर्ण स्टॉक तुम्हाला फोनवर दिसत नाही. म्हणून क्रम बदलू या. गणपतीपुळ्याआधी कारखाना घेऊ. माल तिथूनच सुटतो, त्यामुळे कुठल्या दुकानाला काय गेलं ते लगेच दिसेल. कॅनिंग आटोपलं की जूनअखेर येतो. गणपतीपुळं दिवाळीच्या गर्दीआधी. चिपळूण पाऊस ओसरल्यावर, आणि तिथलं मशीन वरच्या मजल्यावरच बसवायचं. जुलै २०२१ चं पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्ही स्वतः पाहिलंय. लाइन गेली तरी बिल निघेल आणि नेट आल्यावर नोंदी जुळतील, ही सोय रत्नागिरीत चालू आहेच.

कारखान्याच्या गेटवर आवक कोण लिहितं, तेवढं कळवा. त्यांच्याशी आधी बोलायचंय.